बूच लावलेली परीक्षानळी

बाई, शिकवणीसाठी तुमच्या शिवाजी पेठेतल्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा आले तेव्हा मी नियम घडाघडा म्हणून दाखवला होता: तापमान बदललं की रासायनिक समतोल सरकतो. तुम्ही भाताची पेज गाळत होता. "म्हणालीस छान. आता दाखव," म्हणालात. मला दाखवता येईना. मग तुम्हीच पातळ पेजेत टिंक्चर आयोडिनचा थेंब टाकलात. परीक्षानळी निळी झाली. उकळत्या पाण्यात धरली, रंग गेला. "जळला," मी म्हटलं. "जळलेलं परत येतंय व्हय गं?" असं म्हणत तुम्ही नळी नळाखाली धरलीत आणि निळा रंग परत आला. निळं होताना उष्णता बाहेर पडते, म्हणून बाहेरून उष्णता दिली की अभिक्रिया मागं फिरते, काढून घेतली की पुढं जाते. एवढं सांगून तुम्ही मला आमटीभात वाढलात.

आता गारगोटीच्या कॉलेजात अकरावीला मी हेच शिकवते. पेज घरून डब्यातून नेते. पण अलीकडे वाटायला लागलं होतं की मी नुसती जादू दाखवते. मुलं बघतात, नियम पाठ करतात, मार्क मिळवतात. यंदा हा प्रयोग शेवटचा, असं ठरवूनच आज वर्गात गेले. बोलण्याच्या नादात नळी फार वेळ गरम पाण्यात राहिली. गार केली, तर रंग कसाबसा फिकट उमटला.

मागून एकजण म्हणाला, "मॅडम, ह्यो गेला की गावाला." वर्ग हसला. मी नियम पुन्हा सांगायला लागले, तेव्हा वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी उठली. "नियम बरोबर हाय मॅडम. पण आयोडिन वाफंतनं उडालं असंल की. मग परत येणार काय? बूच लावून बघूया."

दोन नळ्या घेतल्या, एक उघडी, एक बूच लावलेली. दोन्ही सारख्याच तापवल्या, दोन्हींचा रंग गेला. गार पाण्यात ठेवल्यावर उघडी फिकटच राहिली. बंद नळी आधी कडेनं, मग मधोमध गडद निळी होत गेली, आणि मघाचा तो मुलगाच बाकावर चढून ओरडला, "आला रं, आला."

एका तासावरून एवढं हुरळून जावं का, हे एसटीत मी स्वतःला विचारून पाहिलं. जावं, असंच उत्तर आलं. प्रयोग बंद होणार नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून धीर करून लिहिते. बूच लावायचं इतक्या वर्षांत मला कधी सुचलं नाही, बाई. आणि तुम्हालाही सुचलं नव्हतं, याचा मला फार आनंद झालाय.