राखून ठेवलेला सूट

सोहो, लंडन
सोमवार, ९ मे १९६६

डॉर्कसताई,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? समुद्रावरून वारा सुटला की ते दुखतात असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस, आणि लोवेस्टॉफ्टला वारा समुद्रावरूनच येणार, तेव्हा दुखतच असतील असं धरून चालतो. मांजर बरं आहे ना? (नसेल तर इतक्यात कळवू नकोस, सध्या माझ्याच्याने सोसणार नाही.) माझी तब्येत ठीक आहे. थोडा खोकला आहे, पण तो लंडनचा आहे, इथे सगळ्यांनाच असतो. काळजी करण्यासारखं घडलं आहे ते वेगळंच, आणि ते तुला लिहिण्यासाठी मी तीन आठवडे धीर गोळा करतो आहे. ताई, माझा मरणाचा सूट हातचा गेला.

चोरीला गेला नाही, जळला नाही, की मी विकलाही नाही, तेव्हा चष्मा काढून डोळे पुसायला लागू नकोस, सगळं वाच. तो सूट म्हणजे काय हे तुला मी सांगायला नको. माझ्या लग्नाला आमच्या शिवणाच्या कारखान्यातल्या सगळ्यांनी मिळून शिवला होता. कापला म्हाताऱ्या मास्तरांनी, अस्तर लावलं तिथल्याच दोघा कारागीर भावांनी, इस्त्री माझी मी केली आणि काजं विनीने केली. तेव्हा ती काजं करणाऱ्या बायकांच्या बाकावर तिसरी बसायची. ज्याच्याशी लग्न करायचं त्याच्याच कोटाची काजं आपण करतो आहोत म्हणून लाजून तिने एक काज जरा तिरकं केलं. लग्नानंतर तो मी चार वेळा घातला, मग खाकी कागदात डांबरगोळ्या घालून ठेवून दिला. आपला भाऊ अर्नेस्ट गेला तेव्हा त्याला त्या अंत्यविधीवाल्यांनी स्वतःकडचा पांढरा झगा चढवून पुढच्या खोलीत ठेवला, आणि शेजारणी बघून गेल्या त्या अकरा वर्षं बोलत राहिल्या, हे तू विसरली नाहीस, मीही नाही. तू तेव्हा माझ्याकडून वचन घेतलंस की विल्फ्रेड, तू तरी नीट कपड्यांत जा. त्रेपन्न वर्षं मी या एका बाबतीत निर्धास्त होतो. बाकी कशाच्याच बाबतीत नव्हतो, ते तू जाणतेस.

दर मे महिन्यात मी तो खिडकीत वाऱ्याला टांगतो. यंदा मार्चमध्येच टांगला. (का, ते विचारू नकोस.) आमची गल्ली आता पूर्वीची राहिली नाही. लोखंडी सामानवाला गेला, त्याच्या जागी कपड्यांचं दुकान आलं, त्यात दिवसभर ढोल बडवल्यासारखी गाणी चालतात आणि माझ्या खोलीतली कपबशी आपोआप टेबलाच्या कडेला सरकते. स्वतःला मॉड म्हणवणारी पोरं खाली स्कूटरी लावून उभी असतात. एकेका स्कूटरला बारा-चौदा आरसे, आणि प्रत्येक आरशात तोच एक पोरगा स्वतःचे केस बघतो. अशी दोन पोरं त्या दिवशी सरळ जिना चढून वर आली. चार बटणांचा उंच कोट, अरुंद विजार, असा कट त्यांना साऱ्या लंडनमध्ये मिळाला नव्हता. एकाने विचारलं, "आजोबा, हा कुठल्या दुकानातला?" मी म्हटलं, विकायचा नाही, मरताना घालायचा आहे. तर तो दुसऱ्याला म्हणाला, "बघ. ह्याला म्हणतात स्टाइल. नाहीतर तू, शनिवारी घालायला घेतोस."

इथवरही चाललं असतं, पण त्याच सुमारास गल्लीत सिनेमावाले आले. आपली ग्लेनिस (माझी नात गं, तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा तिच्या हातात मासळीची पिशवी होती) त्यांच्याकडे कपड्यांच्या खात्यात शिवणकाम करते. सिनेमा विनोदी आहे असं सगळे सांगतात. गल्लीत सगळ्यांत रुबाबदार दिसायचं एवढीच एका पोराची इच्छा, आणि त्यापायी त्याचे हाल. मी ग्लेनिसला म्हटलं, यात हसायचं कुठे? ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही हसायला लागलात की मी डॉक्टरांना बोलावीन." दिग्दर्शक म्हणजे मिस्टर फेनर, वय सव्वीस, मखमली जाकीट, दाढी करायला सवड नाही. त्यांनी खिडकीतला सूट पाहिला आणि एका दिवसासाठी मागितला. मी नाही म्हटलं. मग ग्लेनिसने माझ्याकडे विनीसारखं पाहिलं. मी कागदावर सही केली. चष्मा वर होता, मी खाली होतो.

शिवाय मलाही काम दिलं. बाकावर बसायचं आणि तो सूट घालून मिरवणाऱ्या हिरोकडे नापसंतीने बघायचं. एवढंच. ताई, मी चौऱ्याहत्तर वर्षं प्रत्येक गोष्टीकडे नापसंतीने बघत आलो आहे, तू स्वतः मला कितीदा बोलली आहेस. पण तो पोरगा पाठमोरा चालत गेला, खांद्यावर कापड कसं पडलं होतं ते मी पाहिलं, पाठीची शिवण सरळ, आणि मला वाटलं मीच चाललो आहे चर्चकडे, आणि आत विनी उभी आहे. डोळे भरून आले. मिस्टर फेनर म्हणाले, "फार छान, विल्फ्रेडसाहेब, पण हा विनोदी सिनेमा आहे." पाच वेळा घेतलं, पाचही वेळा तेच झालं. शेवटी बाकावर त्यांनी दुसरा म्हातारा बसवला. त्याने पहिल्या झटक्यात तोंड वाकडं केलं. त्याची मुलं त्याला विचारत नाहीत असं ऐकलं.

आता वाईट भाग. हिरो बुटका निघाला म्हणून विजार आखूड केली. दुमडून शिवली असती तर उलगडता आली असती, पण त्यांनी कापली. आणि शेवटच्या प्रसंगात हिरो स्कूटरसकट बागेतल्या बदकांच्या तळ्यात पडतो. ग्लेनिसने मला गोष्ट वाचून दाखवली होती ती निम्मीच, पुढची पानं तिच्या खात्याला मिळालीच नव्हती. हिरो स्वतः पडत नाही, त्याच्या जागी पडायला वेगळा माणूस असतो. डेस्मंड नाव, शिडशिडीत, पडणं हाच त्याचा धंदा. तो माझ्या सुटात सात वेळा पडला. प्रत्येक वेळी बाहेर आला की मिस्टर फेनरांकडे न बघता आधी माझ्यापाशी यायचा. "माफ करा, आजोबा. या खेपेला डाव्या अंगावर पडलो, उजवी बाही वाचवली." पाचव्या खेपेला म्हणाला, "बदकच आडवं आलं." संध्याकाळी त्याने विजार घडीवर घडी जुळवून हँगरला लावली. ओली असूनही. हल्लीच्या पोरांत हे कोणाला येतं? मी मनात म्हटलं की हा बरा आहे, आणि लगेच घाबरलो, कारण ग्लेनिसही तेच म्हणत असल्यासारखी उभी होती.

सूट परत आला तो आटून. चाळीस वर्षं इस्त्री धरली ताई, ओलं फडकं घालून दोन दिवस ताणला, पण बाह्या मनगटाच्या हाडावर चढल्या त्या चढल्याच. अस्तराला तळ्याचा वास आहे. तिरक्या काजाचं बटण तळ्यातच राहिलं. निजल्यावर कसा दिसतो ते बघावं म्हणून मी घालून पलंगावर आडवा झालो, हात छातीवर, डोळे मिटून. तेवढ्यात ग्लेनिस चहा घेऊन आली. कप फुटला, बशी वाचली. आणि कहर म्हणजे खालच्या दुकानाने सिनेमावाल्यांकडून तो कट उचलला. आता गल्लीत वीस-बावीस पोरं माझा मरणाचा सूट घालून हिंडतात, दोघांचा तर जांभळा आहे. खिडकीतून बघितलं की वाटतं माझी अंत्ययात्रा निघाली आहे, आणि कोणालाच घाई नाही.

तेव्हा हे असं आहे. गुडघ्यांना गरम फ्लॅनेल बांधत जा.

तुझा,
विल्फ्रेड

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. लग्नाच्या दिवशी सुटाचं जादा बटण तू तुझ्या डब्यात टाकलं होतंस. काळं, कडेला बारीक रेघ असलेलं. बटणांचा डबा तू टाकून देणारी नव्हेस. तेवढं शोधून टपालाने पाठव.

ता. क. दुसरा. माझ्यासाठी नको आहे. ग्लेनिस आणि डेस्मंड अठरा जूनला लग्न करताहेत. त्याच्याकडे धड सूट नाही, आणि आटलेला हा त्याच्या अंगाला असा बसला आहे की मास्तरांनी मापं घेऊन कापला असता तरी याहून बरा बसला नसता. मी देऊन टाकला. घालून तो आरशासमोर उभा राहिला, तर त्याने आरशात न बघता माझ्याकडे बघितलं. तू ये, पुढच्या बाकावर जागा धरतो.

ता. क. तिसरा. वर तब्येत ठीक लिहिलं ते पूर्णपणे खरं नाही. मार्चमध्ये डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, म्हणून तर सूट लवकर टांगला होता. परवा मी त्यांना विचारलं, अठरा जूनला नातीचं लग्न आहे, धरून चालू का? ते म्हणाले, धरून चाला. मग मी विचारलं, आणि पुढच्या मे महिन्याचं? तर त्यांनी पेनाचं टोपण लावलं. म्हणून म्हणतो, मेहुण्यांचा काळा सूट चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीला दिला नसशील तर लग्नाला येताना घेऊन ये. ते माझ्याहून रुंद होते, पण निजलेल्या माणसाचं कापड मागून आत दुमडता येतं, मी कैकदा पाहिलं आहे. आणि दिला असशील तर मनाला लावून घेऊ नकोस. मला घरातल्या स्वेटरमध्येच ठेव, आणि शेजारणी आल्या की मान ताठ करून सांग, लंडनला सध्या असंच घालतात.