मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. प्रत्यक्षात सध्या मला मोजे घालायलाही वाकता येत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे, भाऊजींचा खोकला हटला का, आणि कुंड्यांच्या पाण्यावरून शेजारणीशी चाललेलं तुझं भांडण मिटलं की अजून रंगतंय, ते सविस्तर कळव. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

तू म्हणशील, रोज फोनवर डोकं खाणारी ही बाई एकदम कागदावर का उतरली. अगं, आमच्या चिरंजीवांनी घरात एक ऐकणारा डबा बसवलाय. दिवा लाव म्हटलं की दिवा लावतो, पण त्याचबरोबर आपण कुणाबद्दल काय बोललो तेही लक्षात ठेवतो, असा माझा दाट संशय आहे. मागे मी स्वयंपाकघरात नुसतं ‘कंबर मोडली’ म्हटलं, तर त्याने मला कमरेचे व्यायाम सांगायला सुरुवात केली, आणि संध्याकाळी सूनबाईंचा फोन, की आई, पडलात का. फोनवर लिहायला घेतलं तर तो माझ्या आधी वाक्य पूर्ण करतो. मी ‘तुझे मेहुणे’ एवढंच लिहिलं, त्याने पुढे ‘फार प्रेमळ आहेत’ असं सुचवलं. आता त्याला कुणी सांगावं. म्हणून कागद आणि पेन. हे पत्र वाचून झालं की भाऊजींनाही दाखवू नकोस, त्यांच्या पोटात काही राहत नाही.

तर मूळ मुद्दा. तुझे मेहुणे, म्हणजे गावाचे मास्तर. या गावात स्टिअरिंगला हात लावलेला असा माणूस सापडणार नाही, ज्याला ह्यांनी गाडी शिकवली नाही आणि शिकवताना शिव्या घातल्या नाहीत. पण आता दिवस फिरलेत. चिरंजीव ज्या कंपनीत आहेत, तीच बिनचालकाच्या गाड्यांचे रस्ते आखते. (बापाने जन्मभर माणसांना गाडी चालवायला शिकवावं आणि पोराने गाडीला माणसाशिवाय चालायला शिकवावं, यावर जेवताना आमच्याकडे कुणी काही बोलत नाही. भाजी पुढे सरकवतात.) शिकायला कुणी येईना. रस्त्यापलीकडची ह्यांच्या शाळेची ती एक खोली, भिंतीवर रस्त्यांच्या खुणांचा तक्ता, टेबलावर मधोमध कापलेलं इंजिन, बाहेर डोक्यावर पाटी मिरवणारी गाडी, सगळं जागच्या जागी आणि विद्यार्थी नाहीत. शेवटी एक मुलगी आली. ह्यांना इतका आनंद झाला की पुसलेलं इंजिन पुन्हा पुसलं. तिने गिअरवर हात ठेवून फोटो काढला, ‘आजोबा, थँक्यू’ म्हणाली आणि गेली.

त्यात परिवहन कार्यालयाचा कागद आला. ज्या शाळेचा वर्षभरात एकही विद्यार्थी पास होणार नाही, तिचा परवाना रद्द. चिरंजीव म्हणाले, बरंच झालं बाबा, आता आराम करा, खोली मुलांना अभ्यासाला देऊन टाकू. हल्लीची मुलं शाळेत कुठे जातात, कानाला काहीतरी लावून भिंतीकडे बघत बसतात आणि भिंतीतली बाई एकाच वेळी चाळीस जणांना, प्रत्येकाला त्याच्या नावाने, शाब्बास म्हणते. आमची नातही तशीच शिकते. ह्यांनी एकदा तिच्या मागे उभं राहून तासभर बघितलं आणि विचारलं, ‘ही बाई ओरडते कधी?’ नात म्हणाली, ओरडत नाही. तेव्हा हे बाहेर पडले ते त्या रिकाम्या खोलीत जाऊन बसले. जेवायला आले नाहीत. डबा मी घेऊन गेले, तर कापलेल्या इंजिनापुढे बसून पाटीचे स्क्रू मोजत होते. ताई, माणूस कितीही त्रासदायक असला तरी त्याला तसं बसलेलं बघवत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मला शिकवा.’

आता हे नीट वाच. मला गाडीची तसूभरही हौस नाही. होती तेव्हा होती. लग्नानंतर विचारलं होतं मी, तर म्हणाले होते, ‘तुला कुठे जायचंय ते सांग, मी सोडतो.’ त्यानंतर जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा हेच उत्तर. आणि सोडतो म्हणणाऱ्या माणसाला सोडायला कधी वेळ झाला नाही, कारण दिवसभर बाकीच्या गावाला शिकवणं चालू. तुझ्याकडे येणं कितीदा ठरलं आणि कितीदा फिसकटलं, ते तुला ठाऊक आहे. तुझ्या गावाची पाटी मी फक्त फोटोत बघितलीय. असो. तर हौस म्हणून नव्हे, शाळा वाचावी म्हणून मी त्या गाडीत बसले.

बसले म्हणजे लगेच नव्हे. आधी कितीतरी दिवस त्या कापलेल्या इंजिनासमोर उभं करून पिस्टन दाखवला. (पिस्टन वर जातो, खाली येतो, एवढंच आहे, पण ह्यांना ते सांगताना गहिवरून येतं.) आणि गाडीजवळ गेलं की हे मला ‘अहो बाई’ म्हणतात. घरी ‘अगं, माझा चष्मा कुठाय’, आणि रस्ता ओलांडला की ‘अहो बाई, आरसा कशासाठी दिलाय? वेणी घालायला?’ एवढी वर्षं ज्याचे मळके रुमाल धुतले, त्याच्याकडून ‘तुम्ही’ ऐकून घेताना कसं वाटतं, ते लिहून कळणार नाही.

ह्यांची सगळी विद्या एका वाक्यात आहे, समोरच्याच्या डोळ्यांत बघा, तो काय करणार ते कळतं. चौकात मी बघायला गेले, तर समोरच्या गाडीत डोळेच नाहीत. चालकाची जागा रिकामी, मागच्या सीटवर एक गृहस्थ तोंड उघडं टाकून झोपलेले. दुसऱ्या बाजूच्या गाडीत एक बाई भाजी निवडत होत्या. त्या गाड्या इतक्या सभ्य की मी जाईपर्यंत हलेनात, आणि मी ह्यांच्या शिस्तीतली, त्या जाईपर्यंत हलेना. मग माझी गाडी बंद पडली. मागे रांग लागली, पण एकाही गाडीने हॉर्न वाजवला नाही. एखाद्याने वाजवला असता, दोन शब्द सुनावले असते, तर मलाही चार सुनावता आले असते. ते गृहस्थ जागे होऊन घड्याळ बघून पुन्हा झोपले. हे म्हणाले, ‘बाई, आता कुणाच्या डोळ्यांत बघायचं ते मलाही कळत नाहीये.’ एवढंच. पुढे घरी येईपर्यंत ओरडलेसुद्धा नाहीत, आणि ते मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

पण खरा छळ वेगळाच. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, हे तुला माहीत असेलच. ह्यांचा उजवा पाय त्यावरच वाढलाय. मी गाडी जरा वेगात घेतली की ह्यांचा ब्रेक. कुत्रं दिसलं की ब्रेक. कुत्रं दिसेल असं वाटलं की ब्रेक. माझी कंबर गेली ती या धक्क्यांनी. आणि गाडी थांबली की ती माझ्यामुळे थांबली की ह्यांच्यामुळे, हे कधी कळायचंच नाही. घरी विचारलं, तर म्हणायचे, ‘थांबली ना? मग झालं.’ चिडून एकदा म्हटलं, अख्खं गाव तुमच्या पायाने गाडी शिकलंय, स्वतःच्या नाही. तर त्यांना ती स्तुती वाटली.

मग मी सरळ गॅरेजवाल्याकडे गेले. (तोही ह्यांचाच विद्यार्थी, ह्यांचं नाव काढलं की कानाला हात लावतो.) म्हटलं, मास्तरांच्या ब्रेकची तार काढून टाक. पेडल तसंच राहू दे, स्प्रिंगही राहू दे, दाबल्यासारखं वाटलं पाहिजे, पण गाडी थांबता कामा नये. तो म्हणाला, ‘काकू, मला मारतील.’ मी म्हटलं, नाही काढलीस तर मी मारीन. त्याने थोडा विचार केला आणि पाना उचलला.

दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं, ते मी कुणालाही सांगू शकत नव्हते, म्हणून तुला सांगते. मी गाडी चालवायची, मी थांबवायची, आणि हे शेजारी बसून ते रिकामं पेडल दाबत म्हणायचे, ‘बघा बाई, मी होतो म्हणून.’ नदीकडच्या उतारावर पुढ्यात एक हातगाडी आली, मी वेळेत थांबवली, हे कपाळ पुसत म्हणाले, ‘मी होतो म्हणून.’ आयुष्यात पहिल्यांदा स्वतः काही थांबवलं होतं मी, आणि त्याचंही श्रेय ह्यांना. पण बोलायची सोय नाही. जीभ दाताखाली धरून गाडी चालवली.

परीक्षेचं थोडक्यात सांगते. परीक्षक म्हणून माणूस नाहीच, काचेपाशी एक कॅमेरा आणि गोड आवाजाची बाई. (बहुधा भिंतीतल्या बाईची बहीण.) शेजारची सीट रिकामी. हे फाटकाबाहेर उभे, सगळ्यांना सांगतायत की आतमध्ये आमची विद्यार्थिनी आहे. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची होती. उचलली, मागे घसरू दिली नाही. त्या बाईने मला पास केलं, पण खाली शेरा मारला, ‘उमेदवार रस्त्याइतकंच बाजूच्या रिकाम्या सीटकडे पाहतात.’ आता त्या कॅमेऱ्याला काय समजावणार. शाळेचा परवाना राहिला. ह्यांनी मला शाब्बास म्हटलं नाही, गाडीवरची पाटी मात्र दोनदा पुसली, गल्लीत जो भेटेल त्याला निकाल सांगितला, आणि संध्याकाळी मी बाजारात निघाले तर माझ्या हातातून किल्ली घेत म्हणाले, ‘कुठे जायचंय ते सांग, मी सोडतो.’

तेव्हा सगळं होतं तिथेच आहे. लायसन्स कपाटात साड्यांखाली ठेवलंय. मला त्याचं काहीही वाटत नाही, हे मी वर लिहिलंच आहे. तब्येतीला जप, गुडघ्याला तेल लाव, भाऊजींना नमस्कार आणि त्या शेजारणीला माझ्या वतीने अजिबात काही सांगू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. तुम्ही बिनचालकाची गाडी घेताय आणि तुमची जुनी गिअरची गाडी भंगारात जाणार आहे, असं भाचीने सांगितलं. ती भंगारात देऊ नकोस. मला दे. हौस नाही असं वर तीनदा लिहिलंय ते मला दिसतंय, परत लिहून दाखवू नकोस. चिरंजीवांना इतक्यात कळवायचं नाही. गाडी न्यायला मी येईन.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी गॅरेजवाल्याकडे जाऊन आले. शाळा चालू राहिली, कदाचित कुणी येईल शिकायला, म्हणून ती तार पुन्हा जोड असं सांगायचं होतं. तो हसायलाच लागला. म्हणाला, ‘काकू, तार काढल्यावर मास्तर पहिल्याच दिवशी संध्याकाळी येऊन गेले होते. पाय ठेवल्या ठेवल्या कळलं म्हणाले.’ मला मारतील म्हणून हा आत पळाला, तर ह्यांनी त्याला हाक मारून एवढंच सांगितलं, की बाईंच्या बाजूचा ब्रेक नीट आवळून दे, आणि मला कळलंय हे तिला कळता कामा नये. म्हणजे नदीकडच्या उतारावर, हातगाडीच्या वेळी, सगळ्या वेळी हा माणूस ठाऊक असून माझ्या शेजारी बसला होता. घरी आले तर चष्मा शोधत होते. कपाळावरच होता. मी तो डोळ्यांवर ठेवून दिला आणि आत गेले. राग यायला हवा होता, तो काही आला नाही. रडू तेवढं आलं.

ता. क. तिसरा, आणि हेच महत्त्वाचं. गाडी न्यायला मी येईन तेव्हा हेही बरोबर असतील, आणि परत येताना माझ्या शेजारीच बसतील. तेव्हा तुमच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे एक पेडल बसवून घे. स्प्रिंग जरा कडक असू दे, ह्यांचा पाय जड आहे. कशालाही जोडू नकोस.