हलव्याच्या ताटलीतली चिठ्ठी

आई, आज मी इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरी, तुर्की हलवा केला. म्हणजे रवाच, लोण्यात, चिलगोज्यांसोबत, चांगला तांबूस होईपर्यंत भाजायचा. लेक ओट्याशी येऊन म्हणाली, "मॉम, धिस इज जस्ट शिरा." आपण शिरा पूजेला करतो. त्यांच्याकडे हा हलवा घरात माणूस गेलं की करतात. जमलेला प्रत्येक जण डाव हातात घेतो आणि गेलेल्यासाठी प्रार्थना करत ढवळतो. हे मला या वर्षी कळलं, ऑफिसातल्या तुर्की मैत्रिणीकडून.

रुवैसला, बाबांच्या नोकरीच्या गावी, बाबा वारले त्या दिवशी शेजारची तुर्की बाई हाच हलवा घेऊन आली. तुझी तिथली एकुलती एक मैत्रीण. तुझं मोडकं हिंदी, तिचं मोडकं इंग्रजी आणि मधे अरबी यल्ला, खलास, एवढ्यावर तुम्ही तासन् तास बोलायचात. बाबा शवागारात आहेत आणि ती दारात गरम ताटली घेऊन उभी आहे. "माय हँड, हजबंड हँड, ऑल," म्हणते आहे. मला वाटलं, हिला लाज कशी वाटत नाही? तू ताटली घेतलीस. "सुतकात गोड कसं खायचं गं?" असं मला हळूच म्हणालीस आणि कागदांसाठी धावणाऱ्या बाबांच्या मित्रांना हलवा वाढलास.

तिसऱ्या दिवशी, बाबांना घेऊन पुण्याला निघताना, तू ती ताटली घासून माझ्या हातात दिलीस. तिचं भांडं तू कधीच रिकामं पाठवलं नव्हतंस. "साखर आत्ता देता येत नाही," म्हणालीस आणि पुण्याच्या फोन नंबरची चिठ्ठी तिच्यात ठेवलीस. "तिला म्हणावं, फोन कर. विसरू नकोस मला." मी सोळा वर्षांची होते. बाबा पेटीत, आणि तुला ताटलीची रीत सुचते आहे, याचा मला संताप आला. चिठ्ठी मी जिन्यातच चुरगाळून कचऱ्यात टाकली. तिने दार उघडलं, रिकाम्या ताटलीकडे पाहिलं. "मदर नो लाइक?"

मी म्हटलं, "नो."

त्यानंतर तू सहा वर्षं जगलीस. फोन वाजला की हात पुसत यायचीस. शेवटच्या आजारपणातही म्हणालीस, "एकदा तरी करायचा तिने. मी काय वाईट वागले तिच्याशी?" मी तुझ्या पायांना तेल लावत होते. लावत राहिले.

आज कढईत डाव एकदा बाबांच्या नावाने फिरवला, एकदा तुझ्या. लेकीलाही फिरवायला लावला. चिठ्ठीचं तिला सांगितलं नाही. हा कागद घडी करून रव्याच्या डब्याखाली ठेवते आहे. खरं सांगायचं तर, तू असतीस तर तुलाही सांगितलं नसतं.