गच्चीवरचा खांब

१७ फेब्रुवारी, दुपार

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं खुशाल आहोत, म्हणजे भांडत आहोत.

तुझं पत्र मिळालं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलीस का, असं पुन्हा विचारलं आहेस. तुझ्या आजीची नजर कशी गेली ते तू लहानपणी पाहिलंस, तेच आत्याचं होऊ नये म्हणून तुझा जीव वरखाली होतो, हे मला कळतं. त्याचं नंतर लिहिते. आधी पवनचक्कीचं सांगू दे, नाहीतर मला चैन पडायची नाही. आणि हो, पत्र टाकायला तुझे बाबाच जातील, तेव्हा पाकीट नेहमीसारखं डिंकानं गच्च चिकटवेन. दुसऱ्याची पत्रं वाचायची दादाची खोड साठी उलटली तरी गेलेली नाही.

तर, तुझ्या बाबांनी हौसेनं आणलेली ती ट्रेडमिल आठवते ना? जिचा उपयोग शेवटी टॉवेल वाळत घालायला झाला? ती बंद पडली. भंगारवाल्याला देण्याआधी मी सहज उघडून पाहिली. आत चांगली जाडजूड मोटर. तिच्या दोन वायरींना मी टॉर्चचा बल्ब लावला आणि शाफ्ट बोटांनी गर्रकन फिरवला. बल्ब मिणमिणला. पुन्हा फिरवला, पुन्हा मिणमिणला. वीज दिली की फिरणारी वस्तू आपण फिरवली की वीज देते, हे शाळेत शिकले होते, पण बोटांना ते आत्ता कळलं. त्याहून मोठी गंमत म्हणजे, बल्ब काढला की शाफ्ट हलका फिरतो आणि जोडला की जड. म्हणजे उजेडाचं ओझं हाताला लागतं. मी तेच करत बसले. चहा गार झाला म्हणून दादा चिडला आणि मग स्वतःच शाफ्ट फिरवत बसला.

आपल्या जिन्याचं मधलं वळण भर दुपारीही अंधारं असतं. तिथे दिवा लावायचा असं ठरलं. पाती मी पाण्याच्या जाड प्लास्टिक पाइपातून कापली. चक्की वाऱ्याच्या दिशेनं वळायला हवी, त्यासाठी दादानं सायकलच्या हँडलखालचा फिरता गळा काढून बसवला. इतकी वर्षं सायकलचं दुकान चालवल्याचा असा उपयोग झाला. शेपटीसाठी दुकानाच्या पाटीचा पत्रा कापला. त्यावरची अक्षरं पुसायला दादानं साफ नकार दिला. त्यामुळे वारा फिरला की आमची शेपटी वळून वळून सगळ्या गल्लीला सांगते, ‘दुरुस्त करून मिळेल’.

पहिल्या दिवशी फजिती झाली. स्कूटरची जुनी बॅटरी जोडली आणि चक्की झकास फिरायला लागली. दादा शेजाऱ्यांना बोलवायला निघालासुद्धा. मी सहज झाडाकडे पाहिलं, तर पान हलत नव्हतं. वारा ढिम्म, आणि चक्की गरगर. मग डोक्यात प्रकाश पडला की बॅटरीच मोटरला फिरवते आहे. थोडक्यात, आम्ही गच्चीवर पंखा बसवला होता आणि आभाळाला वारा घालत होतो. वीज एकाच बाजूला जाऊ देणारा एक चिमुकला डायोड मधे जोडल्यावर ते थांबलं. दादा अजून म्हणतो की त्याला आधीपासूनच शंका होती.

खरं भांडण खांबावरून झालं. खांब दादानं उभा केला, चारी बाजूंनी तारा ताणून. मी बघायला गेले, एक डोळा मिटून नजर लावली, तर खांबानं मधेच पोट काढलेलं.

“दादा, खांब वाकलाय.”

“काही वाकलेला नाही.”

“मी जन्मभर इमारतींचे नकाशे काढलेत. मला सरळ रेषा कळते.”

“आणि मी जन्मभर वाकडी चाकं सरळ केली. चल, उतर खाली.”

मी हट्टाला पेटले. तो दुपारी आडवा झाल्यावर गच्चीवर गेले, चक्की बांधून ठेवली, तारा सैल केल्या आणि हवा तसा खांब ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी चक्की अशी थडथडली की वरच्या टाकीचं झाकण वाजायला लागलं. दादानं माझ्याशी बोलणं टाकलं. मीठ हवं असलं तरी भिंतीकडे बघून मागायचा.

शेवटी मी माझा ओळंबा काढला. ऑफिस सोडताना आठवण म्हणून मागून आणलेला. दोरीच्या टोकाला नुसतं वजन, पण ते ना दादाचं ऐकणार, ना माझं. खांबाशेजारी तो सोडला आणि नेहमीच्या सवयीनं डावा डोळा मिटून उजव्यानं पाहिलं.

दोरी वाकडी होती.

मी वजन खाली ओढून दोरी ताणली. तरी मधे तोच बाक. मग कधी नव्हे तो उजवा डोळा मिटला आणि डाव्यानं पाहिलं. दोरी सरळ झाली. खांब मात्र वाकडा होता, मी ओढून वाकवला होता तेवढाच.

तुझ्या आत्याचा स्वभाव तुला माहीत आहे. घाबरायचं सोडून मी घरभर फिरले. उजव्या डोळ्याला खिडकीचे गज मधोमध वितळल्यासारखे दिसतात. फरशीच्या रेघांना लाट येते आणि मी नजर सरकवली की लाटही सरकते. दोन्ही डोळे उघडे असले की डावा सगळं सांभाळून घेतो, म्हणून इतके दिवस पत्ता लागला नाही. फार मजेशीर वाटलं मला. मग खुर्चीवर बसून ओळंब्याची दोरी उगाच गुंडाळत राहिले.

दादाला एवढंच म्हटलं, “खांबाचं तुझं बरोबर होतं.”

त्यानं जवळ येऊन कपाळाला हात लावून पाहिला. “ताप नाही,” म्हणाला. “मग काय झालंय तुला?”

“काही नाही,” म्हटलं. त्याचा विश्वास बसला नाही. मी कधी हरत नाही ना.

त्यानं खांब पुन्हा सरळ केला. परवा संध्याकाळी छान वारा सुटला आणि जिन्याच्या वळणावर दिवा लागला. दादा लहान मुलासारखा वरखाली करत होता. मी डावा डोळा मिटून पाहिलं. दिव्याकडे सरळ बघितलं की मधे पुसल्यासारखं होतं, जरा बाजूला बघितलं की दिवा दिसतो.

मला भीती वाटते, भिंगरी. फार वाटते. आई भिंतीला हात लावून चालायची आणि विचारलं की म्हणायची, भिंत गार लागते, बरं वाटतं. आम्ही ते खरं मानलं. पुढे दादानंच तिला शेवटपर्यंत हाताला धरून फिरवलं. त्याच्यासमोर उभं राहून हे सांगायला माझी जीभ रेटत नाही. मी रोज ठरवते आणि रोज मीठ पुढे करते.

तू म्हणाली होतीस की वेळेवर गेलं तर पुष्कळदा आहे ती नजर वाचवता येते. डॉक्टरांची वेळ घे. लवकरातली घे. मी कुरकुर न करता येईन, दादालाही बरोबर आणेन.

वर डिंकाचं लिहिलं होतं ते खोडत नाही, पण पाकीट उघडंच ठेवते आहे. ते तसंच दादाच्या हातात देईन. पेटीपर्यंत जायला त्याला जिना उतरावा लागतो, आणि वळणावर आता वाचण्यापुरता उजेड आहे.

तुझी,
आत्या