लटपटणारी गाय

प्रिय मॉरीन,

सोमवारी तुझ्या टेसाला जाऊन वर्ष होईल. शेवटी ती तुलाही ओळखत नव्हती, चमचा तोंडाजवळ नेला की किंचाळायची. आणि तो डॉक्टर आधी काय म्हणाला होता? ‘मुलगी मनाला फार लावून घेते.’ एकोणीस वर्षांची पोर! तिच्या मेंदूची चाळण झाली होती, हे कळायला तिला मरावं लागलं.

सव्वीस वर्षं मी कत्तलखान्यात काढली, रक्ताची किळस कधी आली नाही. ती आली एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात. ट्रकमधून एक गाय उतरली. मागचे पाय फाकलेले, अंग थरथरतंय, साधी मोरी ओलांडता येईना. गवत खाणाऱ्या जनावराला मेलेल्या जनावरांची हाडं दळून चारली होती, त्याचंच हे फळ, गाईंना वेड लावणारा तो मेंदूचा रोग. अशी गाय दिसली की कळवायची, मारून जाळायची, असं सरकारी पत्रक आमच्या भिंतीवरच होतं. मी मालकाकडे गेलो. हारकम सँडविच चावत म्हणाला, “पाय घसरला असेल तिचा. लाग कामाला.” मी म्हटलं, “मालक, पाय नाही, डोकं गेलंय तिचं.” “डोकं तुझं गेलंय, रेग! कळवलं तर इथं कुलूप लागेल. मग घरी बसून बायकोची लोकर गुंडाळ!” सगळे हसले. मीही हसलो, मॉरीन. मग तिला कापली. करवतीनं कणा चिरला, तेव्हा आतला पांढरा गाळ माझ्या अ‍ॅप्रनवर उडाला. हाडांवरचं खरवडून खिम्याच्या टबात गेलं. टीव्हीवर मोठी माणसं गोमांस बिनधास्त खा म्हणत होती. हारकम मात्र स्वतःच्या घरी कोकराचं मांस बांधून न्यायचा.

त्या शनिवारी मी तुझ्याकडे खिम्याचं पुडकं आणलं होतं. नेहमीसारखंच, फुकटातलं. टेसा दहा वर्षांची होती. तू केलेला खिमा तिनं चाटूनपुसून खाल्ला आणि म्हणाली, “मामा, पुढच्या वेळी मोठं पुडकं आण हं.” त्याच पुडक्यानं घात केला, असं कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मला ठाऊक असताना मी ते आणलं. आता स्वतःच्याच हातांची किळस येते.

गेल्या महिन्यात तू म्हणालीस, “त्या धंद्यातला एक तरी माणूस या रोगाच्या सरकारी चौकशीपुढे तोंड उघडेल का रे?” मी खाली मान घालून चहा ढवळत बसलो. मॉरीन, मी नाव दिलंय. गुरुवारी साक्ष आहे. गाय, हारकम, ते पुडकं, सगळं सांगणार. शुक्रवारी ते पेपरात येईल. दुकानात पाव घेताना तुला ते वाचायला लागू नये, म्हणून हे पत्र. माफी मागत नाही. ती मागायचं तोंड मला नाही.

तुझाच, अजून म्हणू देशील तर,
रेग