दाखवण्यापुरती खोली

६ ऑक्टोबर, सोमवार
खोली मिळाली! दोन खोल्या, स्वयंपाकघर, तिसरा मजला. लिफ्ट नाही. गल्ली इतकी शांत की तळमजल्यावरच्या घरमालकीण शोभाकाकूंचा रेडिओ वरपर्यंत ऐकू येतो.

बाबांचं म्हणणं सरळ आहे. गावात राहणाऱ्याला आता कोणी मुलगी देत नाही. केळीची बाग कितीही चांगली असो, आमच्या दापोऱ्याचं नाव ऐकलं की स्थळ परत! म्हणून बुऱ्हाणपुरात खोली घ्यायची आणि मुलीकडच्यांना दाखवायची. आई म्हणाली, "लगीन झालं का सोडून देजो. मंग सून कुठी जाते? आपल्याच घरी येईन."

योगेंद्रमामाने स्थळही आणलंय. जैनाबादची पूर्णिमा. इथे शहरात मुलांच्या शिकवण्या घेते. मी बारावीत नापास, हे मामाने आधीच सांगून टाकलं. बरं केलं.

९ ऑक्टोबर
काकूंनी जिन्यातच गाठलं. "बंद खोली मला नाही चालणार हं! रोज संध्याकाळी वर दिवा दिसला पाहिजे. नाहीतर खोली खाली कर दो!"

मग काय — बागेतलं काम उरकलं की इथेच मुक्काम.

१२ ऑक्टोबर
पहिली भाकरी. मध्ये कच्ची, कडेला कोळसा. खाल्ली! गॅस बंद केला का ते पुन्हा उठून पाहिलं. केला होता.

१७ ऑक्टोबर
भाकरी आता फुगते.

दापोऱ्यात पावशेर जिलेबी आणली तरी पारापर्यंत बातमी. इथे मी दार लावतो आणि दार लागतं. खिडक्यांना निळे पडदे घेतले, नीट मापून. आई फोनवर म्हणाली, "दोन महिन्यांसाठी पडदे कायले रे?"

तरी लावले.

२६ ऑक्टोबर, रविवार
आले! पूर्णिमा, तिचे वडील आणि तिची कमलमावशी. आई-बाबा सकाळीच दापोऱ्याहून येऊन बसले होते. मावशी धापा टाकत वर पोचल्या — "अरे देवा, जिना हाय का सातपुडा!" सगळे हसले. मी सगळ्यांना पाणी दिलं, एक थेंबही सांडला नाही.

मावशी बसल्याच नाहीत. सरळ स्वयंपाकघरात. तवा उलटा केला, बोट फिरवलं. बोट काळं!

"रोजच्या वापरातला तवा हाय, दाजी!" त्या तिथूनच ओरडल्या. "मागं पाहिलेल्या पोराच्या तव्यावर दुकानाचं स्टिकर होतं. घर नुसतं दाखवाले घेतलेलं!"

आई माझ्याकडे बघेना.

निघताना पूर्णिमा खिडकीशी थांबली. हळूच म्हणाली, "इथून माझे क्लास जवळ आहेत. गावात राहायचं असतं तर बंद करावे लागले असते. आपण इथेच राहणार ना?"

मी "हो" म्हणालो. विचार न करता, एकदम!

२७ ऑक्टोबर
होकार आला. बाबा खूश — "जम गया काम!" आणि त्याच दमात, "खोली लग्नापर्यंतच ठेव."

म्हणजे तिच्या शिकवण्या बंद. आणि हे तिला कळणार हळद उतरल्यावर! पेढा हातातच राहिला.

२९ ऑक्टोबर
दिवसभर घड उतरवले. डोक्यात तेच. ज्याच्या तव्यावर स्टिकर होतं त्याने निदान फक्त खोली दाखवून फसवलं असतं. मी तर तिच्या तोंडावर "हो" म्हणून बसलोय.

पण म्हणताना ते खोटं वाटलं नव्हतं. अजूनही वाटत नाही.

३० ऑक्टोबर
काकूंसमोर बसून अकरा महिन्यांचा भाडेकरार केला. सही सरळ आली. आता दापोऱ्याला निघतो — बाबांना सांगायचंय की बागेत रोज येईन. राहायला नाही. सूनही नाही आणि मीही नाही.