फ्रॉकची दुमड

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. बेकरीतली भट्टी आता तुझ्या हाती आहे, हे वाचून फार बरं वाटलं. आम्ही मजेत. माझ्या शिवणाच्या खोलीत पडद्यांचे ढीग पडलेत, शेजारीण म्हणते, "तुला शोधायचं म्हणजे आधी पडदे उपसा."

मोठी बातमी म्हणजे तुझ्या चिमणीच्या फ्रॉकची दुमड काल सोडली! दरवेळी मी खाली चार बोटं दुमड ठेवते, आणि फ्रॉक विटला तरी ती तशीच राहते. यंदा पहिल्यांदाच उसवावी लागली. गिरक्या घेत म्हणाली, "छोटी आई, आता मी टेबलाखाली मावत नाही. तुझे दोरे तूच उचल."

सर्दी, कान, छाती मात्र चालूच. साधा पेला फुटला तरी तिचं काळीज कितीतरी वेळ धडधडत असतं. म्हणून नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, घाबरल्यावर अंगात सुटणारी संप्रेरकं हिची लवकर ओसरत नाहीत, प्रतिकारशक्तीही कमी पडते. मग विचारलं, "ही पोटात असताना तुम्ही दारू घेत होतात?"

मी म्हटलं, "हो."

हसू नकोस. खोकल्याच्या औषधानेही डुलणारी मी! पण चिमणी मांडीवर बसलेली. तिच्यादेखत कुणाकडे बोट दाखवू?

पुढे कितवा महिना, किती, रोज का, असं सुरू झालं आणि मी बोटांवर महिने मोजत बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, तुम्हाला तर काहीच माहीत नाही!" तेव्हा चिमणीला बाहेर बसवून सांगितलं, हिला जन्म माझ्या ताईने दिलाय. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दारूमुळेच असं झालं, हे आत्ताच नाही सांगता येणार. पण त्या खरं सांगतील तर नेमकं तपासता येईल. झालेलं पुसता येत नाही, पुढचं मात्र पुष्कळ सावरता येतं."

तू दर पत्रात 'तिची तब्येत?' विचारतेस, मी 'छान' लिहिते, आणि दोघी तेवढ्यावर भागवतो. आता नको, ताई.

डॉक्टरीणबाईंची सोमवारची वेळ घेतलीय, तू ये. आत मी तुझ्या शेजारी बसेन. बोलणी बसलीच, तर निम्मी माझी.

दुमड मी दोनच बोटं सोडलीय. उरलेली दोन तुझ्या हातांनी उसवायची.

तुझी वाट बघणारी, तुझ्याच लेकीची
छोटी आई